पुढच्या हंगामाचा रंग आजच: ट्रेंड-अंदाज सेवेच्या वर्षभराच्या वर्गणीचा जमाखर्च

पुण्यात माझा स्त्रियांच्या तयार कपड्यांचा छोटा व्यवसाय आहे. मागे शिलाईची आठ मशिने, पुढे दुकान आणि दोन्हींच्या मधल्या बोळात कापडाचे तागे, एवढाच पसारा. कुर्ती, को-ऑर्ड सेट म्हणजे वरच्या-खालच्या कपड्यांचे जुळते जोड, तयार ब्लाउज आणि सणावारी साड्या असा माल आम्ही ठेवतो. २०२४च्या डिसेंबरात मी येत्या हंगामांत कोणते रंग, छाप आणि आकार चालतील हे आधी सांगणाऱ्या एका परदेशी ट्रेंड-अंदाज सेवेची वर्षभराची वर्गणी भरली आणि २०२५च्या डिसेंबरात ती संपली. माझ्यासारख्या दुकानदाराने अशी सेवा घ्यावी की नाही, याचे उत्तर पैसे भरण्याआधी मला मराठीत कुठेच वाचायला मिळाले नव्हते, म्हणून हा हिशेब मांडते आहे. सेवेचे नाव देत नाही, कारण माझे म्हणणे तिच्यापेक्षा या प्रकारच्या सेवेच्या साच्याबद्दल अधिक आहे.

आधी किमतीविषयी. वर्गणीचा आकडा गिऱ्हाईक पाहून ठरतो आणि त्यात घासाघीस चालते, हे मला उशिरा कळले. मला पडलेली किंमत आमच्याकडच्या दोन कारागिरांच्या चार महिन्यांच्या मजुरीइतकी होती. लॉगिन एकाच व्यक्तीचे, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर उघडले की पहिल्यावरचे बंद पडे. आमच्या कटिंग मास्तरांना एखादे पान दाखवायचे तर लॅपटॉप उचलून कटिंग टेबलावर न्यावा लागे आणि वर्षअखेरीस त्याच्या कळांमध्ये खडूची इतकी भुकटी साठली की दुरुस्तीवाल्याने मला शिक्षिका समजून फळ्याविषयी विचारले.

पैसे भरल्यावर हाती येणारी सामग्री मात्र देखणी आणि भरघोस आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दोन वर्षे पुढचे रंगपट, छापांच्या दिशा, कापडाचे पोत, बाह्यांचे आणि गळ्यांचे आकार, पॅरिस-मिलानच्या रॅम्पवरची हजारो छायाचित्रे आणि मोठ्या ऑनलाइन दुकानांत कोणता माल पूर्ण किमतीला गेला व कोणता सवलतीत काढावा लागला याची आकडेवारी, असे सगळे एका ठिकाणी मिळते. रंगपटात नुसते रंग दिलेले नसतात. कोणता रंग अंगभर वापरायचा आणि कोणता फोडणीपुरता, याचे प्रमाणही असते. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी भाग हा आहे, कारण आपल्याकडच्या छोट्या दुकानांत रंग निवडले जातात ते एकेकटे. घाऊक व्यापाऱ्याकडे ताग्यांची चळत पाहताना जो रंग डोळ्यांत भरतो तो उचलायचा, आणि दुकानात आणून लावल्यावर लक्षात येते की भिंतीवर सहा नायिका उभ्या आहेत आणि सोबतीला एकही सखी नाही. या सेवेने मला रंगांची पंगत मांडायला शिकवले, हा फायदा वर्गणी संपल्यावरही राहील.

दुसरा फायदा भाषेचा. या सेवेत प्रत्येक गोष्टीपुढे ती वाढती आहे, स्थिरावलेली आहे की ओसरती आहे, याची नोंद असते. आम्ही दुकानदार सगळ्याला सरसकट ‘चालतंय’ म्हणतो. एखाद्या रीलमुळे तीन आठवडे सगळ्या मुलींनी मागितलेली बाही आणि गेली चार-पाच वर्षे हळूहळू रुंद होत गेलेली पँटची मोहरी या दोन्ही गोष्टी आमच्या बोलीत ‘चालणाऱ्या’च असतात, पण त्यांचा माल भरण्याची पद्धत पूर्ण वेगळी हवी. पहिलीला कारण सापडत नाही, ती एकाच ठिकाणाहून आलेली असते आणि आली तशी जाते. दुसरीच्या मागे करोनाकाळात अंगाला सुटसुटीत कपड्यांची लागलेली सवय असते, ती अनेक ठिकाणी एकदम दिसते आणि उतरायलाही वेळ घेते. हा फरक कागदावर साधा दिसतो. पण गोदामात पडून राहिलेला माझा बहुतेक माल त्या तीन आठवड्यांच्या बाह्यांचाच आहे.

हे अंदाज येतात कुठून, हे समजल्याशिवाय त्यांचे मोल ठरवता येत नाही. याची सुरुवात रंगपत्रिकांपासून, म्हणजे रंगांचे नमुने लावलेल्या तक्त्यांपासून झाली. पहिल्या महायुद्धाने युरोपातून येणारे रंग आणि पॅरिसच्या रंगपत्रिका यांचा अमेरिकेकडचा ओघ अडला, तेव्हा तिथल्या कापड उद्योगाने संघटना करून १९१५मध्ये स्वतःची प्रमाण रंगपत्रिका काढली. गिरणीवाला, टोपीवाला आणि मोजेवाला यांनी ‘नेव्ही ब्लू’ म्हणजे नेमका कोणता निळा, यावर एकमत करावे हा तिचा हेतू होता. पुढे १९६३मध्ये इंटरकलर ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिच्यात वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी वर्षातून दोनदा भेटतात आणि जवळजवळ दोन वर्षे पुढच्या हंगामाच्या रंगांवर चर्चा करतात. १९७३पासून पॅरिसमध्ये भरणाऱ्या प्रीमियर व्हिजन या कापड प्रदर्शनाने तोच धागा पुढे नेला, आणि १९९८मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूजीएसएन या ट्रेंड-अंदाज कंपनीने हा जाडजूड वह्यांचा धंदा इंटरनेटवर आणला. आता या कामात छायाचित्रे वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. पॅरिसची ह्युरिटेक ही कंपनी समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांतून रंग, छाप आणि आकार मोजते.

हा क्रम ध्यानात घेतला की ‘अंदाज’ हा शब्द थोडा फसवा आहे, हे लक्षात येते. वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणून पाऊस पडत नाही. इथे मात्र सूत रंगवणारा, कापड विणणारा, बटणे करणारा आणि कपडे शिवून घेणारा मोठा ब्रँड हे सगळे तीच रंगपत्रिका पाहून आपापली मागणी नोंदवतात, आणि दोन वर्षांनी दुकानांत तोच रंग दिसू लागल्यावर अंदाज बरोबर आला असे म्हटले जाते. मला यात लबाडी दिसत नाही. बटण आणि कापड एकमेकांना मिळते-जुळते असावे यासाठी कोणीतरी आधी बोलून ठेवलेच पाहिजे. तरी विक्रीप्रतिनिधीने मला फोनवर ‘आमचे दहापैकी नऊ अंदाज खरे ठरतात’ असे ऐकवले, तेव्हा खरे ठरणे म्हणजे काय, हे मी विचारायला हवे होते. दुकानात दिसणे आणि दुकानातून विकले जाणे यांत मालाच्या पूर्ण किमतीएवढे अंतर असते.

याच साखळीतून पुढचा प्रश्न येतो, आणि माझ्या सगळ्या हिशेबाचा खिळा तोच आहे. अंदाजाची गरज कोणाला किती, हे त्याला माल तयार करायला किती वेळ लागतो यावर ठरते. तिरुपूरचा होजिअरी निर्यातदार परदेशी ब्रँडसाठी काम करतो तेव्हा नमुना, मंजुरी, सूत, विणाई, रंगाई, शिलाई आणि जहाज या सगळ्यांत कित्येक महिने जातात. त्याला पुढच्या वर्षीचा उन्हाळा आजच माहीत असावा लागतो. उलट झारा ही कपड्यांची साखळी दुकाने चालवणाऱ्या स्पेनच्या इंडिटेक्सने वेळच छोटा केला. बराचसा माल घराजवळ, लहान लहान तुकड्यांत शिवून घ्यायचा, काय खपते ते पाहायचे आणि काही आठवड्यांत पुन्हा भरायचे, या पद्धतीत अंदाज चुकला तरी थोडक्यात चुकतो. आता माझे पाहा. इचलकरंजीचे सुती कापड फोन केल्यापासून चार दिवसांत पुण्यात येते, रंगाईला आठवडा लागतो आणि आठ मशिनांवर दीडशे कुर्ती शिवायला आणखी आठवडा. म्हणजे तीन आठवड्यांत मी कोणताही रंग भिंतीवर लावू शकते. मग दोन वर्षे पुढचे ज्ञान मी विकत का घेतले? खरे सांगायचे तर, घेतल्यावर हा प्रश्न पडला.

तरी वर्गणी भरलीच होती, म्हणून मी वर्षभर तीन गोष्टी ठरवून तपासल्या आणि विक्रीच्या वहीशी ताडून पाहिल्या.

पहिली गोष्ट तपकिरी रंगाची. रंगांना क्रमांक देणाऱ्या पॅन्टोन या कंपनीने २०२५साठी वर्षाचा रंग म्हणून मोका मूस, म्हणजे त्यांच्या क्रमांकाप्रमाणे १७-१२३०, जाहीर केला होता आणि माझ्या सेवेतही कॉफी, कोको, दालचिनी अशा छटांचे राज्य होते. मी सुती आणि रेयॉन अशा दोन्ही कापडांवर तो काढायचे ठरवले. रंगाऱ्याकडे क्रमांक दिला की काम झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याने नमुन्याचे दोन तुकडे बुडवून आणले, तेव्हा सुतीवरचा रंग दुधाच्या कॉफीसारखा होता आणि रेयॉनवरचा किंचित जांभळ्या अंगाचा. दोन्ही ट्यूबलाइटखाली जवळजवळ सारखे दिसत होते, म्हणून मी मान हलवली. रंगाऱ्याने काही न बोलता दोन्ही तुकडे दाराबाहेर उन्हात नेऊन धरले, तेव्हा ते एकमेकांचे सावत्र भाऊही वाटेनात. ‘ताई, हा माल कोणत्या दिव्याखाली विकणार?’ एवढेच त्याने विचारले. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फारकत घेतात, ही रंगाईतली जुनी डोकेदुखी आहे. सेवेच्या एकाही पानावर तिचा उल्लेख नव्हता. तिथे रंग फक्त पडद्यावर असतो, आणि पडदा स्वतःच एक दिवा आहे.

तरीही तपकिरी को-ऑर्ड सेट चांगले गेले. जून ते सप्टेंबर या काळात दोनदा माल भरावा लागला आणि घेणाऱ्या बहुतेक मुली कार्यालयात जाणाऱ्या होत्या. हे श्रेय सेवेचे आहे, कारण तिच्याशिवाय मी हा रंग पावसाळ्यात लावलाच नसता. मग हुशारी चढली आणि तोच रंग मी दिवाळीसाठी सिल्क-मिश्र कुर्त्यांवर, सोनेरी लेस लावून काढला, कारण अहवालात सणासुदीच्या पानावर तपकिरी आणि सोनेरी यांची जोडी शेजारी शेजारी होती. चाळीसपैकी बत्तीस कुर्ते आजही बोळात आहेत. नेहमी येणाऱ्या एका काकूंनी कापड चिमटीत धरून पाहिले, कौतुक केले आणि म्हणाल्या, ‘शिवलंय छान गं, पण सणाला मातकट कशाला नेसायचं?’ त्या पानावरचा सण डिसेंबरातल्या पाश्चात्त्य मेजवान्यांचा होता. ते पानावर स्पष्ट लिहिलेले होते आणि मी ते वाचूनही सोडून दिले. हा दोष माझा.

दुसरी गोष्ट लोण्यासारख्या फिकट पिवळ्या रंगाची. २०२५च्या उन्हाळ्यात जगभर त्याचा बोलबाला होता आणि आमच्या सुती कुर्तींमध्येही तो हातोहात गेला. पण का गेला, याचे उत्तर अहवालात नव्हते. एप्रिलमध्ये येणाऱ्या निम्म्या बायका तो अंगाला लावून एकच प्रश्न विचारत होत्या, ‘हळदीला चालेल का?’ मी सवयीने हो म्हणत गेले आणि मग बदलून घ्यायला रांग लागली. हळदीच्या कार्यक्रमात झेंडूच्या माळांपुढे आणि हळद लावलेल्या चेहऱ्यांमध्ये तो लोण्याचा पिवळा फोटोत पांढरा येत होता. आकडेवारीत याची नोंद ‘पिवळ्याची मागणी वाढली’ अशी होईल आणि ती खोटीही नसेल. पण त्या एका शब्दात उन्हाळ्याला हवा असलेला पिवळा आणि लग्नघराला हवा असलेला पिवळा असे दोन वेगळे बाजार आहेत. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला ते दोन दिवसांत कळते.

तिसरी गोष्ट रुंद मोहरीची पँट आणि आखूड कुर्ती. याबाबत सेवा शंभर टक्के बरोबर होती, त्यामुळे लिहिण्यासारखे फार नाही. फक्त तिच्यातली सगळी मापे एका उंच, सडपातळ बाईसाठी काढलेली असतात. मास्तरांनी पहिल्या नमुन्यात मोहरी दोन इंच कमी केली आणि उंची तीन इंच, मग ती पँट आमच्या गिऱ्हाइकांच्या अंगावर पँटसारखी दिसू लागली.

आता सेवेत जे नव्हतेच, त्याविषयी लिहिते. आमच्या वर्षाची विक्री वसंत-ग्रीष्म आणि शरद-शिशिर अशा दोन खणांत बसत नाही. संक्रांतीला महाराष्ट्रात काळे नेसतात, नव्या नवरीला काळी चंद्रकळा घेतात, बाळाच्या बोरन्हाणाला काळे झबले लागते आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांची रांग असते. एरवी सणाला काळ्याकडे न पाहणारी गिऱ्हाइके जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काळ्याशिवाय काही मागत नाहीत. हे कळायला कोणत्याही सेवेची गरज नाही. पण ज्या सेवेत सण म्हणजे लाल आणि सोनेरी एवढेच गणित आहे, तिच्यावर भरवसा ठेवणाऱ्या परगावच्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रातला जानेवारी कधीच उमगणार नाही.

नवरात्राचे नऊ रंग हे त्याहून मोठे उदाहरण आहे. वृत्तपत्रांनी रुजवलेली ही प्रथा आता कार्यालये, शाळा, बँका आणि लोकलच्या बायकांच्या डब्यांपर्यंत पोहोचली आहे. तिच्यातले रंग दरवर्षी कोणी नव्याने ठरवते असे अनेकांना वाटते, पण त्यामागे वारांचा साधा नियम आहे: रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा आणि शनिवारी करडा. घट ज्या वारी बसतात तिथून हा क्रम सुरू होतो आणि उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी असे रंग येतात. २०२५मध्ये घट २२ सप्टेंबरला, सोमवारी बसले, म्हणून पहिला दिवस पांढरा होता. म्हणजे पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला लाखो बायका कोणता रंग घालणार आहेत, हे पंचांग उघडून सांगता येते. इतका पक्का रंगाचा अंदाज पॅरिसमध्येही कोणाकडे नसेल. आमच्याकडे या नऊ दिवसांत सगळ्यांत आधी संपतो तो करडा, कारण बाकीचे रंग प्रत्येकीच्या कपाटात असतात, करडा कोणाकडेच नसतो.

पंचांगाचा दुसरा उपयोग तारखांचा. २०२३मध्ये अधिक श्रावण आल्याने दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गेली, २०२५मध्ये ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आली. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरशी या वर्षीचा ऑक्टोबर जोडून वाढ-घट सांगणारा आलेख अशा वर्षी निरुपयोगी ठरतो. मी हे सेवेच्या प्रतिनिधीला ईमेलने कळवले. अकरा दिवसांनी उत्तर म्हणून दक्षिण आशियाई सणांचा चौदा पानांचा अहवाल आला. त्यातली निम्मी पाने होळी आणि टिकल्यांच्या लेहेंग्यांची होती. ब्लाउजचे एकही पान नव्हते. भारतातल्या कोट्यवधी बायकांच्या अंगावर रोज असणारा, गळा-बाही-पाठ यांत दर दोन वर्षांनी रूप बदलणारा हा कपडा या सेवेच्या वर्गवारीतच नव्हता आणि माझ्या दुकानातली एक चतुर्थांश विक्री त्याचीच आहे.

खणाचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे खण हे पिढ्यान्‌पिढ्या चोळीचे आणि ओटीचे कापड. लहान पन्हा, ठसठशीत काठ, मधे बारीक बुट्टी आणि त्रिकोणी घडी. परकर-पोलक्याखेरीज त्याचे दुसरे काही शिवावे असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. गेल्या सात-आठ वर्षांत त्याची साडी आली, मग कुर्ते, जाकिटे, पिशव्या, करोनाकाळात मास्कसुद्धा. ही लाट कोणत्याही रॅम्पवरून आली नाही. ती घराघरांत ट्रंकेच्या तळाशी असलेल्या आजीच्या चोळीपासून आणि फेसबुकवर साड्या विकणाऱ्या बायकांपासून निघाली. माझ्या दुकानात तिची पहिली चाहूल २०१९मध्ये लागली. तीन वेगवेगळ्या बायकांनी एका आठवड्यात ‘खणाचं काही आहे का?’ विचारले आणि मी तिघींना ‘नाही’ म्हणून परत पाठवले. त्या वर्षी मी विचारणा लिहून ठेवत असते, तर सहा महिने आधी शहाणी झाले असते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या शिवणकामाला लांबचा अंदाज नको, पण हातमागाला हवा. येवल्याच्या विणकराला एका पैठणीसाठी नक्षीप्रमाणे महिन्यापासून अनेक महिन्यांपर्यंत वेळ लागतो. ताणा मागावर चढला की रंग ठरला, मग बाजार कुठे का वळेना. ज्याला सहा महिने पुढचे पाहणे खरोखर गरजेचे आहे तो विणकर ही वर्गणी भरू शकत नाही, आणि भरली तरी त्याच्या उपयोगाचे त्यात काही नाही. महागातली महाग सेवा नेमकी इथे रिकामी आहे.

ही पोकळी भरण्याचा एक सरकारी प्रयत्न चालू आहे, त्याची दखल घ्यायला हवी. फॅशनचे शिक्षण देणाऱ्या निफ्ट या संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने २०१८मध्ये व्हिजिओनेक्स्ट हा ट्रेंड-अंदाजाचा उपक्रम सुरू केला, त्याचे मुख्य केंद्र चेन्नईत आहे. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांचे इंग्रजी-हिंदी संकेतस्थळ आणि ‘परिधी २४×२५’ हे भारतीय बाजारासाठीचे ट्रेंड-पुस्तक प्रसिद्ध झाले. यातली मला मोलाची वाटलेली बाब म्हणजे भारतीय कपड्यांची वर्गवारी. साडी, कुर्ता, लेहेंगा यांचे प्रकार आणि भाग यंत्राला ओळखता यावेत यासाठी आधी त्यांची पद्धतशीर नावे लावण्याचे काम इथे झाले आहे. ज्या यंत्राला पदर आणि ओढणी यांतला फरक कळत नाही त्याने मोजलेल्या लाखो छायाचित्रांचा मला काय उपयोग? सगळा भारत एका पुस्तकात बसवताना त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला थोडेच येणार, हे उघड आहे. तरी पैसे भरण्याआधी मी हे पाहायला हवे होते.

वर्गणीबाबत एक तक्रार नोंदवून ठेवते, कारण ती इतरांच्या उपयोगाची आहे. करारात आपोआप नूतनीकरणाचे कलम होते आणि नको असल्यास साठ दिवस आधी लेखी कळवायचे होते. मी पंचेचाळीस दिवस आधी कळवले. मग महिनाभर ईमेलची देवाणघेवाण झाली, प्रत्येक वेळी नवा माणूस, नवी सही, आणि प्रत्येकाला सगळी कहाणी पहिल्यापासून. शेवटी त्यांनी पैसे कापले नाहीत. पण दोन वर्षे पुढचे पाहणाऱ्या कंपनीला आपले गिऱ्हाईक सोडून चालले आहे हे वर्षभरात जाणवू नये, याची गंमत वाटली. मी शेवटच्या चार महिन्यांत लॉगिनही केले नव्हते.

तेव्हा ही सेवा कोणी घ्यावी? निर्यात करणाऱ्याने, मोठ्या साखळी दुकानांना माल पुरवणाऱ्याने आणि पाश्चात्त्य धाटणीचे कपडे मोठ्या संख्येने काढणाऱ्याने जरूर घ्यावी. त्यांचे गिऱ्हाईक हीच भाषा बोलते आणि बैठकीत तिचा एक शब्द न कळणे महागात पडते. फॅशन शिकणाऱ्या मुलांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळत असेल तर रोज पाहावी, नजर तयार होते. साड्या, ब्लाउज, कुर्ती यांवर चालणाऱ्या दुकानाने एवढे पैसे घालू नयेत. पाचपैकी द्यायचे झाले तर मी मांडणीला साडेचार, रंगसंगतीच्या शिकवणीला चार आणि माझ्या धंद्यातल्या उपयोगाला दीड देईन.

वर्गणीऐवजी आता काउंटरवर एक लांबट वही आहे. तिच्यात काय विकले ते लिहीत नाही, ते बिलांत असतेच. गिऱ्हाइकाने काय मागितले आणि आमच्याकडे नव्हते, तेवढेच लिहायचे, तारखेसह, तिच्याच शब्दांत. पहिले काही आठवडे काउंटरवरच्या मुली कंटाळा करत होत्या, आता त्याच सांगतात की पाठीला गाठ असलेला ब्लाउज या महिन्यात नऊजणींनी विचारला. मास्तरांनी त्याचा नमुना कापून ठेवला आहे.

पॅन्टोनने २०२६साठी क्लाउड डान्सर हा पांढरा रंग जाहीर केला आहे, क्रमांक ११-४२०१, आणि लॉगिन करणे थांबवण्याआधी मी उघडलेल्या शेवटच्या अहवालातही पांढऱ्यांची रेलचेल होती. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे आणि त्या दिवशी रविवार येतो, म्हणून मी इचलकरंजीला नारिंगीसाठीचे कापड आधी सांगितले आहे. पांढराही घेतला आहे, सोमवार १२ ऑक्टोबरसाठी, साठ नग.